एका बादलीतली जमीन

४ ऑक्टोबर
सासरेबुवांनी निवृत्तीचा सगळा पैसा घालून नदीकाठी जमीन घेतली. गहू येईल का, ते मला विचारलं. मला! आजवर त्या घरात मला फक्त पंखे पुसायला सांगायचे. आता कळेल, जावई मातीपरीक्षण खात्यात उगाच नाही बसला. संकल्प : माती बदलेल तिथे छातीइतका खोल खड्डा. शॉर्टकट नाही.

७ ऑक्टोबर
खड्डा झाला. एकच. गुडघ्याइतका. पूर नुकताच ओसरलेला, माती चिकट, बूट नवे. तळाशी करडी माती आणि त्यात गंजासारखे तांबूस ठिपके. पुस्तक म्हणतं, असे ठिपके म्हणजे तिथे पाणी तुंबतं. पण पुस्तकवाले इथे कुठे आले होते? कुणीतरी जुनं लोखंड पुरलं असणार. खड्डा बुजवला.

८ ऑक्टोबर, सकाळी
कंबर धरली आहे. मात्र नवी पद्धत सुचली. नदीलगतची वाळू, सखल भागातली चिकणमाती, सगळं एका बादलीत कालवायचं आणि एकच नमुना तपासायचा. बायकोने विचारलं, एकाला बर्फाचं पाणी दिलं आणि एकाला उकळतं, तर दोघांची आंघोळ कोमट होते का? तिला विज्ञानाचा गंध नाही.

१५ ऑक्टोबर
लॅबचा रिझल्ट : उत्तम पोयटा! गव्हाला याहून चांगली माती नाही. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, नमुने वेगवेगळे आणायला हवे होते. जळतात, दुसरं काय. रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'प्रथम श्रेणी' लिहिलं. सासरेबुवांनी तो लॅमिनेट करून घेतला. सखल भागात उन्हाळी भात लावायचा त्यांचा विचार होता, तो सोडला. सगळीकडे गहूच पेरणार आहेत.

२८ नोव्हेंबर
उगवला! सासरेबुवा शेजारीपाजारी सांगत सुटलेत, जावई म्हणजे हिरा. 'एक बादली पद्धती'वर पेपर लिहावा म्हणतो. सोमवारपासून नक्की.

२० डिसेंबर
सखल भागातला गहू पिवळा पडलाय. गहू शेवटी पिवळाच होतो, आमचा जरा लवकर झाला इतकंच. वाळूतला मात्र सुकला. सासरेबुवांनी पाणी देण्यात हात आखडला असणार. पेपर राहिला.

११ जानेवारी
अवकाळी पाऊस. सखल भागात आता गहू दिसत नाही, बगळे दिसतात. सासरेबुवांचे फोनवर फोन. मी मीटिंगमध्ये होतो. म्हणजे बाथरूममध्ये, रिंग थांबेपर्यंत.

१९ मार्च
कापणी. वाळू आणि चिकणमाती जिथे आपोआप मिसळली आहे, तिथे पीक झक्कास! पट्टा खाटेएवढाच, पण सिद्धांत सिद्ध झाला. सासरेबुवांना तसं नीट समजावून सांगितलं. ते रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत होते. मी हात लावायला गेलो, तर म्हणाले, राहू द्या जावईबापू, तुम्ही सावलीत बसा. आवाज जरासुद्धा चढला नाही. चढला असता, तर निदान भांडता आलं असतं.

 घरी आल्यावर बायको बोलली. उद्या माती तपासायला दुसरा कोणीतरी माणूस येणार आहे. बाबांनी तिला बजावलं होतं, जावईबापूंना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

वाटलं.