डॉक्टरांनी गप्प बसवलेला इंद्रभान

अमडापूर,
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप पुष्पाताईला इंद्रभानचा नागपूरकडे तोंड करून वाकून नमस्कार. (वाकताना मान ओढते, तरी वाकलो. वंदना साक्षीला आहे.)

दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांचं कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? आमच्याकडे सगळं ठीक. तू रोज न चुकता फोन करतेस, त्यानं दिवस बरा जातो. पण ताई, त्या फोनबद्दलच जरा बोलायचं होतं, म्हणजे लिहायचं होतं. एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं आपलं ठरलं. आता तू विचारतेस, "जेवला का रे, का नुसती पेज घेतली?" याच्यावर किती वेळा वाजवायचं? परवा गोंधळून मी वाजवतच राहिलो, तर तू रडायला लागलीस आणि दाजींनी वंदनाच्या फोनवर विचारलं की इंद्रभानला झटके येऊन राह्यले काय. म्हणून हे पत्र.

रेडिएशन संपलं. (इथं सगळे त्याला 'शेक' म्हणतात, जसा काही कोणी तव्यावर फडकं गरम करून कंबर शेकून देते.) संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात आधी गरम प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून माझा मुखवटा बनवला, आणि मग रोज तो घालून मला टेबलाला खिळवून टाकायचे, हलू नये म्हणून. मान बाहेरून भरताच्या वांग्यासारखी भाजली आहे. आतून काय झालं असेल ते पाणी गिळताना कळते. थुंकी आटली, ती अजून परतली नाही. चव तर गेलीच आहे. भाजी आणि ओला पुठ्ठा यांत मला फक्त रंगाचा फरक समजतो. वंदनानं परवा शेजारच्यांसाठी ठेचा कुटला, तर माझे डोळे भरून आले. झोंबून नाही, आठवणीनं. (तंबाखूबद्दल डॉक्टरांचं सगळं बोलून झालं आहे. तू परत सुरू करू नको.)

आणि वरून हुकूम असा की घसा निवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं म्हणे जास्त ताण पडतो. ताई, हे कोणाला सांगितलं? गावात लग्न असो की बारसं, माइक ज्याच्या हातून काढायला दोघं लागायचे, त्याला! गावकऱ्यांनी ही बातमी फार धीरानं घेतली. इतकी धीरानं, की मला वाईट वाटलं.

तशात गेल्या बाजाराच्या दिवशी पाय मोकळे करायला उंद्रीला गेलो. शेळ्या बांधल्या होत्या तिथं सावली होती म्हणून थांबलो, बाकी काही मनात नव्हतं. शेळीवाल्यानं किंमत सांगितली. मी मान हलवली, म्हणजे नको. त्यानं किंमत उतरवली. मी परत मान हलवली, त्यानं परत उतरवली. शेवटी त्याला समजावं म्हणून मी गळ्याला हात लावला, की बाबा रे, इथं दुखणं आहे, मला बोलता येत नाही. तो आजूबाजूच्यांना म्हणतो, "पाहा बे, गळ्याची शपथ घेऊन राह्यला! याच्यावर याच्याजवळ पैसाच नाही!" आणि त्यानं दोरी माझ्या हातात दिली. चार माणसं माझ्या भाव करण्याची तारीफ करत होती. जन्मभर तोंड वाजवून मला कधी एवढ्या स्वस्तात काही मिळालं नव्हतं.

शेळी घेऊन दारात उभा राहिलो तर वंदना आधी शेळीकडे पाहे, मग माझ्याकडे. मला खुलासा करता येईना. ती जी हसत खाली बसली! आणि हसता हसता बोलायला लागली, ती सोमवारपर्यंत थांबली नाही. ताई, तुला सांगतो, ही बाई एवढं बोलते हे मला माहीतच नव्हतं. बरं, बोलते तेही माझ्यापेक्षा चांगलं. सगळ्या गावाच्या नकला करते. देऊळघाटला मी तिला पाहायला गेलो होतो, ती गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल, की मला पाहून तिच्या हातून पोह्यांची बशी सुटली. त्यातच तिनं खरं काय ते सांगितलं. बशी मांजर आडवं आल्यानं पडली. आणि मी त्या दिवशी भीतीनं एक अक्षर बोललो नाही, म्हणून तिनं होकार दिला. म्हणते, "मले वाटलं पोरगा शांत आहे. इतक्या वर्षांनी आता कुठं तो पोरगा घरी आला."

 

सोमवारी तपासणी झाली. नाकातून कॅमेरा घालून पाहिलं. घशातली गाठ आता दिसत नाही. हे मी आधी लिहायला पाहिजे होतं, पण शेळी मध्ये आली. मग डॉक्टर म्हणाले, आता बोलून पाहा, 'आ' म्हणा. मी म्हटलं. विहिरीत पाणी नसताना मोटर सुरू केल्यावर येतो ना, तसा काहीतरी आवाज आला. हळूहळू सुधारेल, पण पहिल्यासारखा होईलच असं नाही, असं ते म्हणाले. वंदना खिडकीबाहेर पाहत होती. येताना सगळ्या रस्त्यात ती बोलली नाही, आणि मलाही बोलायची परवानगी असून काही सुचलं नाही.

असो. गाठ गेली हे दाजींना मोठ्यानं सांग.

तुझा, पेज पिऊन कंटाळलेला भाऊ,
इंद्रभान

ता. क. खरं काम राहिलंच. वंदनाच्या फोनात माझा एक जुना व्हॉइस मेसेज आहे, त्यात मी फक्त "अवं, मोटर बंद कर!" एवढं ओरडलो आहे. ती भांडी घासताना तो लावून ऐकते, मी झोपलो असं समजून. तुमच्या शौनकच्या लग्नात मी माइकवर बोललो होतो त्याचा व्हिडिओ तुमच्याकडे असेल, तो पाठव. ऐकायचंच आहे तर काही बरं तरी ऐकू दे. मी मागितला हे तिला सांगू नको.

ताई, नमस्कार. मी वंदना. पाकीट चिकटवाले दिलं होतं, मी वाचलं. व्हिडिओ पाठवू नका, तुम्हीच या. हे रोज सकाळी मागच्या खोलीत दार लावून आ, ई, ऊ करतात अन् बाहेर येऊन मले काही विचारत नाहीत. तुम्हाले विचारतील. आवाज छान आहे म्हणजा. मी म्हटलं तर त्यायले वाटते, समजूत काढून राह्यली. काल अंगणातून त्यायनं मले हाक मारली. ऐकू नाही आली, तोंड हललेलं दिसलं. मी 'हाव, आली' म्हटलं.