चार स्पेस की एक टॅब: माझ्या पश्चात

मी, खाली सही करणारा, निवृत्त प्रोग्रॅमर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचते आहे, पण कायदा त्याला दबाव धरत नाही असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर व सर्व ठेवी पत्नीस. माझे टेबल तिने खुशाल हलवावे. तिची ती इच्छा फार जुनी आहे.

२. शाळेतली कवितांची पुस्तके नातीस. त्यांत दुसरी ओळ पहिलीपेक्षा जराशी आत सुरू होते. गुरुजी ती म्हणण्याआधी किंचित थांबत आणि अख्खा वर्ग त्या थांबण्यात डोलत असे. पुढे शाळांसाठी कविता पानावर नीट मांडणारा प्रोग्रॅम मी लिहिला, तो त्या थांबण्यापायीच.

३. कीबोर्ड कन्येस. स्पेसबार झिजला आहे, त्याला हसू नये.

४. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे तो प्रोग्रॅम. तो सर्वांना खुला आहे: कोणीही बदल सुचवावा, इतरांनी तपासून शेरे द्यावेत, शेवटी मी मंजूर करावा. कोडच्या ओळी आत सरकवायच्या त्या चार स्पेस देऊन, हा माझा नियम. आम्ही ज्यांना टॅबवाला म्हणतो ते सद्गृहस्थ पहिल्यापासून ओळ एका झटक्यात आत ढकलणारी टॅबची कळ एकदा दाबून मोकळे होतात. मी शेरा देई, "ओळी बेशिस्त." ते लिहीत, "काका, शिस्त तुमच्या बोटांना, शिक्षा माझ्या का?" एकदा दोघांनीही ओळी आपोआप सुधारणारे बॉट बसवले. आम्ही जेवून येईपर्यंत त्यांच्या बॉटने माझे स्पेस आणि माझ्या बॉटने त्यांचे टॅब शेकडो वेळा बदलले होते. कन्या म्हणाली, "बाबा, निदान यंत्रांना तरी हे शिकवू नका."

माझ्या परवाच्या आजारपणात टॅबवाला प्रथमच घरी आले. कोड वाचताना त्यांचे नाक पडद्याला टेकले.

"तुमचे चार स्पेस मला दिसतच नाहीत, काका. टॅबची जागा मी माझ्या पडद्यावर डोळ्यांना झेपेल तेवढी रुंद करून घेतो."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही कीव येऊन हो म्हणाला असता. मला वादात जिंकायचं होतं."

५. सबब, माझ्या पश्चात मंजुरीचा अधिकार टॅबवाला व कन्या या दोघांस. आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही, ही आमची रीत मोडू नये. सगळा कोड टॅबवर नेण्याचा टॅबवाल्यांचा प्रस्ताव माझ्याकडे पडून आहे. कीव बाजूला ठेवून मी तो पुन्हा तपासला. ज्याला जेवढी रुंदी हवी तेवढी त्याने घ्यावी, हा मुद्दा बिनतोड आहे. प्रस्ताव मंजूर. शेरा: "पटले." ही नोंद कन्येने माझ्या पश्चात करावी.

तोवर कोणी अवाक्षर काढू नये. टॅबवाल्यांना आताच कळले तर रोज सकाळी आम्ही एकमेकांशी बोलायचे कशावर?

साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य (सही), निवृत्त ग्रंथपालबाई (सही). टॅबवाला सही करायला तयार होते. लाभार्थी म्हणून वकीलबाईंनी त्यांना चहावर परत पाठवले.

स्थळ: राहते घर
दिनांक: सहीशेजारी, शाईने