माणिकरावांचं मेनू कार्ड

१२ नोव्हेंबर १९६१

माणिकरावांनी कार्डाचा नमुना परत पाठवला. पुन्हा! "एवढी जागा कोरी काऊन सोडली बाई? कागद तर मी पुरा घेतला नं!"

आता काय सांगू या माणसाला? डावीकडे एक मोठी लाल बशी, नुसता आकार. उजवीकडे बारीक अक्षरात कटलेट, ऑम्लेट, बिर्याणी, कस्टर्ड. बस्स. डोळ्याला जरा श्वास घ्यायला नको? पण त्यांच्या नव्या हॉटेलाला चारी बाजूंनी वेलबुट्टी हवी, मधे मोर हवा. आणि दारूच्या यादीवर पेला धरलेली मडम! "नागपुरात असंच असते." लग्नाआधी हैदराबादेत राहून चित्रकला शिकले, ती मोर काढायला?

१५ नोव्हेंबर

दारूचं कार्ड मात्र मनासारखं उतरलं. उंच, अरुंद कागद. तीन बाटल्या, एकमेकींवर चढलेल्या. छापखान्यात लाल आणि निळी, दोनच शाया. पण लालवर निळी चढली की तिसरा गडद रंग आपोआप! लिनोलियमचे ठसे मीच कोरले. आमच्या गावात अर्धी गिऱ्हाइकं तेलुगू बोलणारी, पण तेलुगू खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, छापखान्यात नाहीतच, म्हणून तीही उलटी कोरली. बोटं ठणकताहेत.

आणि पहिल्याच छपाईत लाल सरकला. छापखान्याचे नागोराव म्हणतात, "थोडंसंच तर हाये. दारू पिताना कोण पाह्यते?"

मी पाहते! ठसा पुन्हा बसवायला लावला.

१६ नोव्हेंबर

सासूबाईंनी दिवसभर भांडी आपटली. दिवेलागणीला एवढंच — "सून दारूच्या बाटल्या काढते, हे कोनाले सांगू मी?"

२० नोव्हेंबर

माणिकराव मानले एकदाचे. नवऱ्यानेच, म्हणजे उद्धवने, मनवलं, दोघांची शाळेपासूनची दोस्ती. मोर गेला, मडम गेली. मला इतका आनंद झाला की त्याच्या पाया पडायची बाकी राहिले.

मग निघाला खरा मुद्दा. कार्डाखाली 'चित्रे' म्हणून नाव टाकायचं, ते कोणाचं? उद्धव म्हणाला, "तुझं नाव दारूच्या यादीवर बरं दिसते का? आई काय म्हणंल?"

मी 'बरं' म्हणून मान हलवली. का हलवली!

२३ नोव्हेंबर

कार्डं छापून आली. सुंदर. खाली नाव — उद्धव.

२ डिसेंबर

हॉटेल कापसाच्या व्यापाऱ्यांनी भरलंय म्हणे. हैदराबादच्या कुठल्या जाहिरात कंपनीचे एक साहेब उतरले होते. जाताना दोन्ही कार्डं मागून नेली. कोणी काढली, म्हणून विचारलं. माणिकरावांनी छाती फुगवून सांगितलं, "आमचे उद्धवराव! तहसीलीत असतात."

हे सांगताना उद्धव हसत होता. मी भाकरी थापत राहिले.

११ डिसेंबर

त्या साहेबांचा निरोप आला. पुढच्या आठवड्यात परत येताहेत. उद्धवरावांची आणखी चित्रं पाहायचीत, पटली तर हैदराबादला चित्रकाराची नोकरी!

मला वाटलं, आता तरी खरं सांगेल. तर म्हणतो कसा — "नोकरी मी घेतो. तू घरी बसून चित्रं काढ. कोनाले कळते?"

"आणि त्यांनी समोर बसून काढायला सांगितलं तर?"

"पाहू नं! घर तर एकच हाये. त्यात तुझं काय अन् माझं काय?"

मग कार्डावर माझं नाव का चाललं नाही? हे तोंडावर विचारलं. पायात चपला घालून बाहेर निघून गेला. भात करपला.

१२ डिसेंबर

ब्रश धुऊन वर ठेवून दिले. एक रेघ काढणार नाही.

१७ डिसेंबर

उद्या साहेब येणार. आज उद्धवने उजव्या हाताला पट्टी बांधली. खरंच बांधली! सायकलवरून पडलो म्हणून सांगणार. म्हणजे काढून दाखवायचा प्रश्नच नाही.

सासूबाईंनी पाहिलं आणि घाबरून हळद घेऊन धावल्या. तो नको नको म्हणतोय, यांनी पट्टी सोडलीसुद्धा. आत साधा ओरखडा नाही. तो ओशाळून हसला. त्या नाही हसल्या. "काऊन रे?" तो दाराकडे पाहू लागला, तशा माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगून टाकलं, रडत रडत.

त्यांनी पट्टीची घडी घातली आणि मेथी निवडायला बसल्या. या घरात कोणी माझ्या बाजूने बोलेल तर शपथ. जाऊ दे. जाऊ दे सगळं चुलीत.

१८ डिसेंबर

चहा उकळतोय तोवर लिहितेय. साहेब आमच्या ओसरीवर बसलेत! उद्धव आतल्या खोलीत, दार लोटून. सकाळी सासूबाई एकट्या हॉटेलात गेल्या. त्या, आणि हॉटेलात! जेवणाऱ्या सगळ्या लोकांदेखत साहेबांना म्हणाल्या म्हणे, "माझं पोरगं खोटं बोलून राह्यलं. हे माझ्या सुनेचं काम हाये. घरी चला, तिलेच इचारा."

लग्न झाल्यापासून मी त्यांची नुसती 'सूनबाई'. आत्ता बाहेरून त्यांचीच हाक आली —

"मीनाक्षी! तुझे रंग घेऊन ये."