पहिला नवरा सापडला

१० सप्टेंबर, बुधवार

पंडित सापडला!

सकाळी दहाला फोन आला. मी गिलके चिरत होते. तोतारामला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन मोठा करून ओट्यावर बोलतो, त्यामुळे अर्ध्या गल्लीला माझ्या आधी कळलं. पलीकडे फौजेतला साहेब, हिंदीत बोलत होता. एकोणसत्तर साली हिमालयात हरवलेलं विमान. बर्फ वितळतो तसं त्यातून एकेक वर येतं म्हणे. या वर्षी चौघे वर आले. एकाच्या खिशात ओळखपत्र होतं. शिपाई पंडित, तालुका धुळे.

छप्पन्न वर्षं. तेवढ्यात आमच्या गावचा एस.टी.चा निवारा तीनदा बांधून तीनदा पडला.

साहेबाने विचारलं, त्यांची पत्नी हयात आहे का? तोताराम म्हणाला, "जी साहब. उनकी पत्नी घर पे ही है."

उनकी! मग एकोणपन्नास वर्षं मी कोणाचे गिलके चिरतेय?

११ सप्टेंबर

एकदा सरळ लिहून काढते, म्हणजे माझा तरी गोंधळ होणार नाही.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात पंडितशी लग्न झालं. मी सतरा, तो तेवीस. वीस दिवस सुट्टी, त्यातले चार पाहुण्यांनी खाल्ले. डिसेंबरात तार — विमान बेपत्ता. मेला असं कोणी म्हणेना. सासूबाईंनी म्हणूच दिलं नाही. आधी प्रेत दाखवा, मग रडते, असं त्या तारवाल्यालाच म्हणाल्या. मी सात वर्षं कुंकू लावून वाट पाहिली. कोणाची, ते हळूहळू विसरत गेले. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांना सुचलं की या पोरीचं आयुष्य आपण नासवलं. धाकट्याशी माझा पाट लावला. ना मांडव, ना वाजंत्री. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला कशाला हवंय ते सगळं!

धाकटा म्हणजे तोताराम, माझा दीर. सात वर्षं मला वहिनी म्हणायचा. पाट लागल्यावर काय म्हणावं ते त्याला कळेना. वर्षभर नुसता खोकायचा. मला वाटे, दम्याचा माणूस गळ्यात पडला. मोठी लेक झाली तेव्हा कुठे तोंडातून 'शेवंता' निघालं.

आज दुपारी म्हणाला, "वहिनी, साखर कमी टाका."

टाका!

मी मुद्दाम दोन चमचे जास्त घातली.

१२ सप्टेंबर

तोतारामने खाट ओट्यावर नेली. आत उकडतं म्हणे. बाहेर पाऊस, ओटा ओला, माणूस पंच्याहत्तरीचा — आणि याला उकडतंय!

१३ सप्टेंबर, शनिवार

धुळ्याहून नात आली, ऋतिका. कॉलेजात शिकते. हिच्या आईच्या पाटीवर मी अक्षरं गिरवायला शिकले, आता ही मला फोनवर शिकवते. त्या डोंगरांत आजवर पडलेल्या विमानांची यादीच तिने काढून दाखवली. किती ती विमानं! एक ढगात शिरलं ते शिरलंच. एक कड्याला थडकलं, त्याचा पत्रा मेंढपाळांनी खोपटावर टाकला. एकाचं चाक तेवढं सापडलं, तेही तीस वर्षांनी. आणि प्रत्येक यादीत शेवटी तोच शब्द — बेपत्ता. फार सोयीचा शब्द आहे. सरकारला पुढे काही करावं लागत नाही, आणि घरच्यांना पुढे काही करता येत नाही.

पंडितचं विमान परतीला लागलं होतं म्हणे. उतरायच्या जागी ढग होते म्हणून वैमानिकाने तोंड वळवलं. वीस मिनिटांत पोहोचतो, असं कळवलं त्याने. शेवटचं तेवढंच. पुरुषांची वीस मिनिटं मला माहीत आहेत. तोतारामही धुळ्याच्या बाजारातून वीस मिनिटांत येतो सांगून दिवेलागणीला येतो. पण छप्पन्न वर्षं म्हणजे कहर झाला.

ऋतिका म्हणाली, "आजी, बर्फात माणूस तसाच राहतो. तेवीस वर्षांचाच असेल तो."

मी म्हटलं, असू दे. मला काही नाही, त्याच्याच छातीत धडकी भरेल.

हसलो दोघी. पण खरं लिहायचं तर मला त्याचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो भिंतीवरचा फोटो. एवढंच आठवतं की जेवताना मान वर करायचा नाही. आणि पांघरुणाची घडी अशी चोख घालायचा की ती मोडायला जीव होत नसे. बिचारा. वीस दिवसांत आणखी काय दाखवणार होता?

१४ सप्टेंबर

झुलाल आला. दोनदा सरपंच होता, तिसऱ्यांदा व्हायचं आहे. त्याला पंडितचं फार दुःख झालंय. पंडित गेला तेव्हा हा जन्माला यायचा होता, पण दुःखाला कुठे वय असतं! शाळेच्या पटांगणात मंडप, गावभर फलक, फलकावर एका बाजूला पंडित, दुसऱ्या बाजूला मी — वीरपत्नी शेवंताबाई. आजवर रेशनकार्डावरही माझं नाव कोणी नीट छापलं नाही.

मग हळूच म्हणाला, काकू, एक दिवस पांढरं लुगडं नेसा. कपाळ मोकळं ठेवा. पंडितची पेटी उतरली की सगळ्यांसमोर कुंकू पुसलं तर आणखीच बरं, टीव्हीवाले येणार आहेत.

शेजारची कुंदाबाई दारात उभी होती. ती कडाडली. "नवरा जित्ता शे तुना, शेवंता. पांढरं कसं काय नेसशी?"

मी तोतारामकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. झुलालला दोन शब्द सुनावेल. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "तिचा मान आहे तो. मी काय, नुसता राखणीला होतो."

राखणीला! म्हणजे मी ज्वारीचं शेत, आणि हा मचाणावर बसून एकोणपन्नास वर्षं पाखरं हाकलत होता. आणि आमची तीन लेकरं ती पाखरं टाकून गेली असतील!

१५ सप्टेंबर

आज कोणाशीच बोलले नाही. म्हशीशी बोलले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज विचारलंच. तो ओट्यावर दोरी वळत बसला होता. म्हटलं, मी कोणाची बायको, ते एकदा तोंडाने सांगा.

दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "दादा येईल, आणि बघेल. मी त्याच्या घरात. त्याच्या पाटावर जेवतोय. त्याच्या..."

उठून गोठ्यात गेला.

असा राग आला मला! हाच माणूस. माझं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होता. नर्स म्हणायची, आजोबा घरी जा. हा म्हणायचा, घरी कोण आहे? आणि आता त्याला वाटतंय, हे सगळं चोरलं! एवढी वर्षं हा चोरासारखा जेवला माझ्या हातचं, आणि मला कळलंही नाही.

मेलेल्याशी भांडता येत नाही. जिवंत आहे त्याला सांगून ऐकू येत नाही. कानाचं तर निमित्तच.

१७ सप्टेंबर

तिकडे हवा खराब. हेलिकॉप्टर उडेना. पंडित आज यायचा होता, आता परवा.

पंडितचं जुनंच आहे हे.

इकडे झुलालचा मंडप पावसात बसला. फलकावरचा माझा रंग ओघळला, आता मिशा आल्यासारख्या दिसतात. ऋतिकाने फोटो काढून ठेवलाय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

झुलालने पांढरं लुगडं पाठवलं. कडक इस्त्रीचं. तोतारामसमोरच पिशवीतून काढून खुंटीवर टाकलं. त्याने पाहिलं. मी जेवणं होईपर्यंत थांबले. मग भांडी होईपर्यंत थांबले. नको नेसू, एवढे दोन शब्द! याहून मोठं भाषण मी मागितलं नव्हतं.

तो म्हणाला, "वहिनी, उद्या लवकर उठावं लागेल."

ठरलं मग. नेसते. दादाची बायको हवीय ना याला, तर होऊन दाखवते. कुंकूही पुसते, टीव्हीवाल्यांना नीट दिसेल असं.

पंडित गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं, काय गेलं तेच कळत नव्हतं. नवरा गेल्यासारखं आज वाटतंय.

१९ सप्टेंबर

पांढरं नेसले. कुंकू पुसायचं तेवढं राहिलं होतं. गाडीतून पेटी उतरवली. एवढीशी पेटी. तोतारामने तिच्यावर डोकं टेकलं आणि म्हणाला, "दादा, माफ कर रे माले."

माफी! माझ्याशी संसार केल्याची?

मी उठले. पदर ओढला, पार हनुवटीपर्यंत, आणि तोतारामच्या मागे जाऊन उभी राहिले. आमच्याकडे बाई नवऱ्यासमोर तोंड झाकत नाही. जेठासमोर झाकते, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर.

झुलाल धावत आला — काकू, हे काय, तोंड उघडा, फोटो घेताहेत.

पदराआड मला काहीच दिसत नव्हतं. तोतारामचा आवाज तेवढा आला. खोकला नाही, अडखळला नाही.

"राहू दे, झुलाल. जेठ शे तो तिना."