चौथा पुकारा

परेश,

मनवाचा ताबा आज कोर्टाने माझ्या एकटीकडे दिला. तिच्या कुठल्याही कामासाठी जिथे जावं तिथे तुझी सही मागायचे, म्हणून मी अर्ज केला होता. तुला पाठवलेली नोटीस तुझ्या गव्हाणच्या घरून परत आली, मग ती पेपरात छापली. चार वर्षांत तू पोरीला एक फोन केला नाहीस, हे मी शपथेवर सांगितलं. ते खरंच आहे.

एक गोष्ट मात्र मी वकीलबाईंनाही सांगितली नाही. तुझा नवा नंबर जनीवन्संनी मला दिवाळीतच चिठ्ठीवर लिहून दिला होता. तू यावंस असं मला वाटत नव्हतं.

गेल्या तारखेला जजसाहेबांना मनवाशी बोलायचं होतं, म्हणून तिला घेऊन गेले. पट्टेवाल्याने दारात उभं राहून तुझं नाव पुकारलं. प्रत्येक वेळी ती जिन्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा पुकारून तो आत वळला, तशी तिने त्याची बाही धरली.

"काका, अजून एकदा बोलवा ना. पप्पांना ऐकू गेलं नसेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स छातीशी धरून उभी होते, चिठ्ठी आतच होती. मग त्याने चौथ्यांदा पुकारलं, आधीपेक्षा मोठ्याने. मी मान खाली घातली.

त्या एका दिवसाचा दोष माझाही आहे. चार वर्षांचा नाही.

हे पत्र आणि ती चिठ्ठी एकाच पाकिटात ठेवतेय. पाकिटावर तुझं नाव घातलेलं नाही, मनवाचं घातलंय.

मनवाची आई,
रोशनी