निघण्याची जागा

प्रकाशा, जि. धुळे
दि. ४ जानेवारी १९६२

चि. रतिलाल यास लोटनकाकांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोर्ट ब्लेअरच्या साहेबांना तू सांगितलेस की, तुझे वडील तापीत उडी घेताच भोवऱ्यात सापडले. हे खरे नाही. दादांची उडी उत्तम होती व मधल्या धारेपर्यंत ते सुखरूप पोहले. आपल्याकडे पोहणारा आपले धोतर आधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला, निघण्याच्या जागी, ठेवून येतो व मग वर चालत जाऊन पाण्यात शिरतो. त्या दिवशी दादांनी घाईने ते उडीच्या खडकावरच सोडले. निघण्याची जागा पाहिलीच नव्हती, आणि खाली चिकणमातीची उभी दरड. हाताला काही लागेना. ते बुडाले नाहीत, थकले.

प्रवाळ पाहण्यासाठी काचेचा मुखवटा व श्वासाची नळी लावून किनाऱ्यावरूनच समुद्रात शिरण्याच्या जागा तुला तुझ्या पर्यटन खात्यासाठी निवडायच्या आहेत. तेव्हा निघण्याची जागा आधी निवड. पाणी जाते त्या बाजूला कपडे ठेव.

आईची संमती आहे, असेही तू सांगितलेस म्हणे. हे पत्र येथपर्यंत वाचून दाखवले तेव्हा वहिनी चुलीपुढून एवढेच म्हणाल्या, "मन्हा पोर पाणीमा जाई ऱ्हायना, अन् तुम्ही त्याले जागा दखाडी ऱ्हायनात." तू पाण्यात जातो आहेस आणि मी जागा दाखवतो आहे, हे खरेच; तरी पत्र पुढे लिहिले. डोळे शिणले आहेत. येथे तुझी आठवण रोज निघते. तूही आमची ठेवावी.

तुझा काका,
लोटन रेवजी पाटील

पोर्ट ब्लेअर
दि. ११ फेब्रुवारी १९६२

ती. काकांच्या चरणी रतिलालचा शि. सा. नमस्कार.

आपल्या सूचनेप्रमाणे वागलो. पाणी दक्षिणेकडे जात होते, म्हणून दक्षिणेच्या वाळूत कपडे ठेवले. आत केळीच्या बागेतल्या पोपटांसारखे हिरवे मासे, पाहतच राहिलो. तापी कधी उलटी वाहिली नाही. समुद्र भरती येताच फिरला व मला उत्तरेच्या खडकांकडे नेऊ लागला. तरीही मी सवयीने कपड्यांच्याच दिशेने हात मारीत राहिलो. हात भरून आले, तेव्हा आपण लिहिलेले 'थकले' आठवले. वळलो आणि खडक धरला. तळहात व गुडघे सोलले आहेत.

ती जागा सोडून दिली. आता दोन्ही अंगांना वाळू असेल तीच जागा घेतो. एकीकडे सदरा, दुसरीकडे पंचा ठेवतो. धोब्याचे दुकान कधी काढलेस, असे साहेब विचारतात. खात्याच्या कागदावर, वडील १९४४च्या पावसाळ्यात गेले व मी निघालो त्या १० नोव्हेंबरला आईने संमती दिली, असे लिहिले आहे. गुडघ्यांचे तिला कळवू नये. पाठीवरचा हात तसाच राहू द्यावा.

आपला,
रतिलाल

प्रकाशा
दि. २२ मार्च १९६२

चि. रतिलाल यास अनेक आशीर्वाद.

वहिनींपुढे वाचताना गुडघ्यांची ओळ गाळली. पण तेथे अडखळलो, आणि मी वाचताना कधी अडखळत नाही, हे त्या जाणतात. त्यांनी गाळलेल्या ओळीसह पुन्हा वाचायला लावले. पाणी दिशा बदलते, हे माझ्या सल्ल्यात नव्हते. या वयात आणखी काय शिकावे, कळत नाही.

सोमवारी, १९ तारखेला, त्यांनी पेटीतून दादांची धोतरजोडी काढली. एक पान खडकावर राहिलेले, दुसरे त्या दिवशी अंगणात वाळत होते ते. दोन्ही धुतली. सदरा वाऱ्याने उडेल. ही जाड आहेत, पाण्यातून दिसतील, एक या अंगाला व एक त्या अंगाला ठेव, असा त्यांचा निरोप आहे. आज नंदुरबारला जाऊन पार्सल दिले. तेथल्या बाजारातल्या मिरच्यांच्या खकाण्याने अजून खोकतो आहे. माया दोन्ही काठांना आहे, हे जाणावे.

तुझा काका,
लोटन रेवजी पाटील

ता. क. कागदावरील तारखा दुरुस्त करून घ्याव्यात :
दादा गेले : १९४४चा पावसाळा नव्हे, ६ नोव्हेंबर १९४५.
तू घर सोडलेस : १० नव्हे, ९ नोव्हेंबर १९६१.
आईची संमती : त्या दिवशी नव्हे, १९ मार्च १९६२.