दोन पफांमधलं मिनिट

५ जानेवारी, सोमवार
समीक्षाला सांगलीला दाखवून आणलं. दमाच आहे. डॉक्टर म्हणाले, "पंपाचे दोन पफ. पण पहिल्यानंतर मिनिटभर थांबायचं, पंप हलवायचा, मग दुसरा. घाई केलीत तर औषध नीट पोचणार नाही." सोपं आहे. सात वर्षांच्या पोरीला मिनिटभर गप्प बसवणं तेवढं अवघड! मधे तीनचा पाढा म्हणायचा असं आमचं ठरलं.

९ जानेवारी
शेजारी उसाचं पाचट पेटवलं. पोर सकाळपासून खोकतेय. ओसरीवर पंप काढला, तर सासूबाई तरातरा आल्या. "आत जा आदी. पोरीची जात हाय. उद्या सोयरीक जुळवताना लोक पयलं ह्येच काढत्यात."
सोयरीक! हिचे पुढचे दोन दात अजून यायचेत. मनात हसले. आणि मुकाट आत जाऊन कडी लावली. एवढं हसू येत होतं तर गेले कशाला?

१७ जानेवारी
हळदीकुंकवाला घर भरलेलं. पोरीला मोरीत नेलं. पाढा अर्धा झाला नाही तोच बाहेरून हाक. दुसरा पफ तसाच देऊन टाकला.

२४ जानेवारी
आता रोजच तसं. कडी लावायची, दोन्ही लागोपाठ, पंप पदराखाली. "आई, पाढा?" "मनात म्हण."

१ फेब्रुवारी, रविवार
लोणंदला संयोगिता वन्संचं लग्न. होमाच्या धुरानं समीक्षाला धाप लागली. वरपक्षाच्या बायका समोरच बसलेल्या. तिला पाण्याच्या टाकीमागे नेऊन दोन्ही पफ एकदम दिले. परत आणून बसवलं. "पळून दमलीय," मीच म्हणाले, कुणी विचारलंही नव्हतं.
पंगतीत तिचे ओठ निळे पडले. सासूबाईच ओरडल्या, सगळ्यांदेखत – "पंप काढ की गं! बघत काय बसलीयास?"
दवाखान्यात वाफ दिली. वाचली पोर. लाज वाटते मला. इतके दिवस सासूबाईंच्या नावानं बोटं मोडत होते, आता तीही सोय राहिली नाही.

५ फेब्रुवारी
सांगली. डॉक्टरांनी विचारलं, "मधे मिनिटभर थांबता ना?" मी "हो" म्हणाले. पुन्हा खोटं.
मग ते समीक्षाला म्हणाले, "तू दाखव बाळा, कसा घेतेस." मी पंप पुढे केला. तिनं घेतला नाही. उठली, आणि आधी जाऊन दाराला कडी लावली.